सरकारी आरोग्ययोजनांनी लोकांची तब्येत खरंच सुधारते का?

प्रश्न असा आहे: सरकारने विमा सक्तीचा केला किंवा उपचार मोफत केले, तर लोकांचं आरोग्य मोजून दाखवता येईल इतकं सुधारतं का? विचारणाऱ्याने सोबत अमेरिकेतल्या ओरेगनचा दाखला दिलाय. तिथे सरकारी विमा मिळालेल्यांच्या रक्तदाबात काहीच फरक पडला नाही, मग आपण महात्मा फुले योजनेवर, म्हणजे राज्याच्या मोफत उपचारांच्या योजनेवर, एवढा खर्च का करायचा, असा त्याचा रोख आहे.

माझं उत्तर आधीच सांगते. उपचार आणि माणूस यांच्यामध्ये पैसा हाच शेवटचा अडसर असेल तिथे सरकारी योजनेने जीव वाचतात, आणि ते आकड्यांत दिसतं. पैशामागे आणखी अडसर उभे असतील तिथे लोकांचा खर्च वाचतो, पण तब्येत होती तिथेच राहते. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर होते, पुढे जिल्हा पातळीवर काम केलं, आता आरोग्य योजनांचं मूल्यमापन करते. या सगळ्या काळात हे मत बदलावं असं काही दिसलं नाही. उलट बाहेरच्या देशांतले अभ्यास वाचल्यावर ते पक्कंच झालं.

'सरकारने बंधनकारक केलेली आरोग्यसेवा' या नावाखाली बऱ्याच वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. विमा काढा नाहीतर दंड भरा, हा अमेरिकेचा २०१०चा कायदा. मालकाने आणि कामगाराने दरमहा वर्गणी भरायची आणि त्यातून उपचार मिळायचे, हा आपल्याकडे १९४८च्या कायद्याने आलेला कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय. करातून पैसे उभे करून सरकारनेच सगळ्यांना सेवा द्यायची, ही ब्रिटनची आणि थायलंडची तऱ्हा. चौथा प्रकार रुग्णालयांना बांधून घेण्याचा: महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. एकाचा निकाल दुसऱ्याच्या माथी मारला की वादाला तोंड फुटतं आणि हाती काही लागत नाही.

आता ओरेगन. २००८मध्ये त्या राज्याकडे मेडिकेडमध्ये, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्यात, सुमारे १०,००० माणसं घेण्यापुरता पैसा होता. नावं नोंदवली जवळपास ९०,००० जणांनी. राज्याने म्हाडाच्या घरांसारखी सोडत काढली. संशोधकांना हे घबाडच होतं, कारण नंबर लागलेले आणि न लागलेले यांच्यात नशिबाखेरीज काही फरक नव्हता. दोन वर्षांनी सुमारे १२,००० लोकांना प्रत्यक्ष बोलावून तपासलं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी साखर, या तिन्हींत संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक सापडला नाही. हा झाला नेहमी सांगितला जाणारा भाग.

न सांगितला जाणारा भाग असा. नैराश्याचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी घटलं. उपचारांपायी घर बुडण्याची वेळ येणं जवळजवळ थांबलं. मधुमेहाचं निदान होण्याचं आणि औषध सुरू होण्याचं प्रमाण वाढलं. आणि विमा मिळाला की लोक इमर्जन्सीत कमी येतील हा अंदाज साफ चुकला, तिथल्या फेऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या. याचं मला अजिबात नवल वाटत नाही. आपल्याकडे केसपेपर मोफत झाला की ओपीडीची रांग वाढते. दुखणं अंगावर काढणारी माणसं तेव्हा कुठे यायला लागतात.

साखरेचा आकडा का हलला नाही, याचं मोठं कारण अभ्यासाच्या आकारात आहे. तपासलेल्यांत मधुमेहाच्या पातळीवर साखर असलेले शंभरात पाचेक जणच होते. त्यात नंबर लागलेल्या प्रत्येकाने विमा घेतला नव्हता. विमा असलेल्यांच्या संख्येत दोन गटांमधला फरक शंभरात जेमतेम पंचवीस जणांचा होता. इतक्या थोड्या रुग्णांत गोळीने आपलं काम चोख केलं असतं, तरी सरासरीत ते उठून दिसणं अवघड होतं. 'फायदा झाला नाही' असा निकाल त्यातून निघत नाही. 'एवढ्या माणसांत, दोन वर्षांत, सिद्ध करता आला नाही' इतकाच निघतो. ओरेगनचा दाखला देणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी मूळ लेखातले तक्ते उघडून पाहिलेले नसतात, असा माझा संशय आहे.

मृत्यूदरातला फरक पाहायचा तर लाखांनी माणसं लागतात, आणि तशी संधी एकदा अमेरिकेच्या आयकर खात्याने नकळत दिली. विमा न काढल्याचा दंड भरलेली सुमारे ४५ लाख कुटुंबं होती. खात्याने २०१६-१७मध्ये त्यांना 'विमा काढा, हे हे पर्याय आहेत' अशी पत्रं पाठवायचं ठरवलं. टपालाचा खर्च पुरला नाही, म्हणून सहा लाख कुटुंबांना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, पद्धतीने वगळलं. बाकीच्या ३९ लाखांना पत्र गेलं. पत्र मिळालेल्यांत विमा घेण्याचं प्रमाण थोडं वाढलं. पुढच्या दोन वर्षांत ४५ ते ६४ वयाच्या, आधी विमा नसलेल्या लोकांत मृत्यू घटले, साधारण १,६४८ पत्रांमागे एक मृत्यू कमी. सक्तीच्या विम्यावर याहून थेट पुरावा माझ्या पाहण्यात नाही. गंमत म्हणजे हे निष्कर्ष छापून येईपर्यंत तिथल्या संसदेने तो दंडच शून्यावर आणून ठेवला होता. मॅसॅच्युसेट्स राज्याने २००६मध्ये जवळपास सगळ्यांना विम्याखाली आणलं. त्या राज्याची इतर राज्यांतल्या तशाच काउंटींशी, म्हणजे जिल्ह्यांशी, तुलना केली तेव्हा प्रौढांचे मृत्यू सुमारे ३ टक्क्यांनी घटलेले दिसले. नव्याने विमा मिळालेल्या ८३० जणांमागे वर्षाला एक मृत्यू टळला असा तो हिशेब.

पण अमेरिकेत एक गोष्ट गृहीत असते. विमा हातात आला की पुढे डॉक्टर आहे, लॅब आहे, औषधाचं दुकान आहे. म्हणजे पैसा हाच शेवटचा अडसर असण्याची शक्यता तिथे बरीच जास्त. आपल्याकडे तसं धरून चालता येत नाही. माणूस आणि उपचार यांच्यात पैसा असतो, अंतर असतं, बुडणारी रोजी असते. आपल्याला काही झालंय हेच माहीत नसणं असतं. आणि शेवटी, दारात पोचल्यावर आत मिळणारा उपचार कामाचा आहे की नाही, हा प्रश्न असतो. योजना यातला कोणता अडसर हलवते आणि कोणता तसाच ठेवते, हे पाहिल्याशिवाय तिचा निकाल सांगता येत नाही.

कर्नाटकातले दोन अभ्यास शेजारी ठेवले की हे स्पष्ट होतं. पहिला वाजपेयी आरोग्यश्रीचा. ही योजना २०१०मध्ये आधी राज्याच्या उत्तर भागात, आपल्या सोलापूर-लातूरला लागून असलेल्या पट्ट्यात आली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना हृदय, कर्करोग, मूत्रपिंड, भाजणं अशा मोठ्या उपचारांसाठी एक पैसा भरावा लागत नव्हता. ज्या गावांत योजना होती आणि सीमारेषेपलीकडच्या ज्या गावांत अजून पोचली नव्हती, त्यांची तुलना झाली. योजनेत बसणाऱ्या आजारांनी होणारे गरीब कुटुंबांतले मृत्यू ६४ टक्क्यांनी कमी दिसले. ६४ हा आकडा मला जरा जास्तच गोड वाटतो. खेड्यात मृत्यूचं कारण घरच्यांना विचारून ठरवलं जातं आणि त्यात चुका होतात. आकडा अर्धा धरला तरी तो मोठाच राहतो. कारणही समजण्यासारखं आहे. झडप खराब झालेल्या मजुराला पैसे नसले की मरणाखेरीज वाट नसते आणि पैशाची सोय झाली की शस्त्रक्रिया होते. शिवाय त्या योजनेत गावोगाव शिबिरं घेऊन रुग्ण शोधले जायचे आणि रुग्णालयापर्यंत न्यायची व्यवस्था असायची. म्हणजे निदानाचा आणि अंतराचा अडसरही पैशाबरोबरच हटवला होता. नुसतं कार्ड वाटून थांबले असते तर हा निकाल लागला असता असं मला वाटत नाही.

दुसरा अभ्यास राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचा, म्हणजे आरएसबीवायचा. कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत रुग्णालयातले उपचार. गुलबर्गा आणि म्हैसूर भागातल्या सुमारे ११,००० कुटुंबांत यादृच्छिक पद्धतीने काहींना हा विमा फुकट दिला, काहींना विकत, काहींना नाही. फुकट मिळालेल्यांनी रुग्णालयं थोडी जास्त वापरली. आरोग्याच्या निर्देशकांत ठाम फरक मिळाला नाही. बऱ्याच जणांना कार्ड वापरायचा प्रयत्न करूनही वापरता आलं नव्हतं. कधी कार्ड घरी राहिलं, कधी कुठल्या रुग्णालयात चालतं ते ठाऊक नव्हतं. त्याच राज्यात, थोड्याच वर्षांच्या अंतराने, दोन सरकारी विमे आणि निकाल इतके वेगळे. 'सरकारी विम्याने फायदा होतो का' या प्रश्नाला एकच उत्तर मागणाऱ्यांनी आधी या दोन अभ्यासांचं काय करायचं ते सांगावं.

थायलंडचं उदाहरण मी प्रशिक्षणात नेहमी घेते, कारण त्यातली खरी गोष्ट सहसा निसटते. २००१-०२मध्ये थायलंडने एका भेटीला ३० बाट या दरात सगळ्यांना सेवा सुरू केली. त्यानंतर गरिबांचं रुग्णालयात येणं वाढलं आणि त्यांच्यातले अर्भकमृत्यू घटले. आधी गरीब प्रांतांत अर्भकमृत्यू ठळकपणे जास्त असत. योजनेनंतर प्रांताचं उत्पन्न आणि अर्भकमृत्यू यांचं नातंच उरलं नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, ३० बाटची जादू. पण तिथल्या गरिबांकडे मोफत उपचारांचं कार्ड त्याआधीपासूनच होतं! मग नवीन काय झालं? आधी कार्डधारक गरीब माणूस आला की रुग्णालयाला त्याच्यापोटी फार तुटपुंजी रक्कम मिळायची, म्हणून तो रुग्णालयाला नकोसा असायचा. नव्या पद्धतीत प्रत्येक नोंदणीकृत माणसामागे वर्षाला ठरलेली, आधीपेक्षा कितीतरी मोठी रक्कम रुग्णालयाला मिळू लागली, मग माणूस गरीब असो वा नसो. अडसर रुग्णाच्या खिशात नव्हता, रुग्णालयाच्या गल्ल्यात होता. त्याखाली आणखी एक थर आहे. १९७०-८०च्या दशकांपासून थायलंडने नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा बंधनकारक केली होती आणि तालुक्या-तालुक्यात रुग्णालयं बांधली होती. योजना आली तेव्हा जायला जागा तयार होती.

आपल्याकडे याच्या उलट क्रमाने झालेली गोष्ट म्हणजे जननी सुरक्षा योजना. २००५पासून बाळंतपण दवाखान्यात केलं की आईला रोख रक्कम, आशाताईंना मानधन. २००५-०६मध्ये देशातली ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१५-१६मध्ये ७९ टक्के. इतकी झपाट्याने बदललेली सवय मी दुसरी पाहिलेली नाही. त्या प्रमाणात नवजात मृत्यू घटायला हवे होते. ते घटले, पण योजनेमुळे किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काहींना फायदा दिसला, काहींना जवळजवळ शून्य. ज्याने बाळंतपणाच्या खोलीत रात्र काढली आहे त्याला कारण विचारावं लागत नाही. बाई दवाखान्यात पोचली, पण रक्तस्राव झाला तर रक्त तालुक्याला नाही. भूल देणारा डॉक्टर नाही, म्हणून सिझेरियन नाही. बाळ रडलं नाही तर हाताने दाबून श्वास देणारी अँबू बॅग कुठे ठेवलीय ते ड्युटीवरच्या सिस्टरला माहीत नाही. पैसा आणि अंतर, दोन्ही अडसर हटले आणि तिसरा समोर आला. २०१८मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अंदाजाप्रमाणे भारतात योग्य उपचारांनी टळू शकले असते असे वर्षाला सुमारे २४ लाख मृत्यू होतात. त्यातले सुमारे १६ लाख उपचार मिळूनही, उपचारांच्या सुमार दर्जामुळे. दवाखान्यापर्यंत न पोचल्याने मरणाऱ्यांपेक्षा पोचून मरणारे जास्त आहेत. योजनांच्या जाहिरातींत हा आकडा कधी येत नाही.

दर्जा म्हणजे मोठी इमारत नव्हे, हे सांगायला गडचिरोली पुरेशी आहे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना बाळाचं वजन, ऊब, श्वास पाहायला आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरला होता. २०११मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालकाची काळजी हा कार्यक्रम आशाताईंमार्फत देशभर नेला. भेटींचं वेळापत्रक देशभर गेलं. मूळ प्रयोगातलं इंजेक्शन मात्र आशाताईंच्या हातात दिलं गेलं नाही. सरकार एखादी गोष्ट 'स्वीकारतं' तेव्हा नेमका कोणता तुकडा स्वीकारतं, ते बारकाईने पाहावं लागतं.

आता फुले योजनेकडे येऊ. २ जुलै २०१२ला राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरुवात, नोव्हेंबर २०१३मध्ये राज्यभर, २०१७मध्ये नाव बदललं. सुरुवातीला पिवळं आणि केशरी रेशनकार्ड, ९७१ उपचार, कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण. २०२४मध्ये पाच लाख, १,३५६ उपचार आणि पांढऱ्या कार्डासकट राज्यातले सगळे रहिवासी. हे चांगलं झालं. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खासगी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च ३१,८४५ रुपये होता, सरकारीत ४,४५२. बाळंतपणं सोडून. अँजिओप्लास्टीसाठी शेत गहाण टाकणारी कुटुंबं मी पाहिली आहेत आणि योजनेनंतर ती कमी झालेलीही पाहिली आहेत. ज्या आजारांत शस्त्रक्रिया हाच उपचार आहे, तिथे या योजनेने जीव वाचवले असणार याबद्दल मला शंका नाही.

तरीही ही योजना राज्याच्या एकूण आरोग्याचा आकडा फारसा हलवणार नाही. योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. लोकांच्या खिशातून जाणाऱ्या आरोग्यखर्चाचा मोठा भाग ओपीडी आणि औषधांवर जातो, त्याला ती हात लावत नाही. पन्नाशीतल्या माणसाचा रक्तदाब वाढलेला आहे, त्याला ते माहीत नाही. माहीत झालं तर महिनाभर गोळी घेतो, बरं वाटतं म्हणून सोडतो. पाच-सात वर्षांनी पक्षाघात होतो किंवा मूत्रपिंडं जातात. त्या दिवशी पाच लाखांचं कार्ड उघडतं: आयसीयू, डायलिसिस, सगळं मोफत. आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा रुग्णालयातला मदतनीस, कागद अपलोड करतो, मंजुरी येते, पॅकेजचे पैसे रुग्णालयाला मिळतात. सगळे आपापलं काम नीट करतात आणि माणूस कायमचा अंथरुणाला खिळलेला असतो. हे सगळं टाळणारी रक्तदाबाची एम्लोडिपिनची गोळी अत्यंत स्वस्त असते.

ती गोळी पोचवण्याचं कामही सरकारच करतंय, फक्त त्याचे फ्लेक्स लागत नाहीत. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक कार्यक्रम महाराष्ट्रात सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांत सुरू झाला. कल्पना अगदी साधी. सगळ्यांना एकच ठरलेला उपचारक्रम, आधी एम्लोडिपिन, मग टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोन. एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या. प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि जो आला नाही त्याला फोन किंवा घरी भेट. तीस दिवसांच्या गोळ्या हा भाग किरकोळ वाटेल. तो नाही. आठवड्याच्या गोळ्या दिल्या की मजुराच्या महिन्यातल्या चार दिवसांच्या रोज्या बुडतात. मग तो येणं सोडतो आणि आपण त्याला 'निष्काळजी पेशंट' म्हणतो.

रोजीचा अडसर ओळखणारी तरतूद आपल्याकडे फार जुनी आहे, त्याकडे लक्ष जात नाही एवढंच. ईएसआयमध्ये आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं आणि क्षयासारख्या दीर्घ आजारांत त्याहून जास्त काळ, ८० टक्के. ईएसआयच्या दवाखान्यांबद्दल कामगार काय बोलतात ते मला ठाऊक आहे. सर्टिफिकेटपुरतेच तिकडे जाणारे खूप आहेत. पण क्षयाच्या रुग्णाला औषध मोफत देऊन कामावर हाकलण्यापेक्षा घरी बसवून पगार देणं हे वैद्यकीयदृष्ट्या शहाणपणाचं आहे, हे ईएसआयला केव्हाच कळलं होतं. अडचण ही की ही योजना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या नोंदणीकृत कामगारापुरतीच आहे. ऊसतोड कामगार तिच्यात कुठेच बसत नाही.

क्षयावरून आठवलं. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या सुमारे १०,००० माणसांवर एक प्रयोग झाला, निष्कर्ष २०२३मध्ये आले. काही कुटुंबांतल्या सगळ्यांना महिन्याचं जादा धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वं दिली. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. कुठलंही कार्ड नाही, शस्त्रक्रिया नाही. २०१९-२१च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी आहेत. त्याच पाहणीत जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आहेत. दवाखाना जवळजवळ सगळ्यांपर्यंत पोचला, ताटात काय आहे ते दवाखान्याला बदलता आलं नाही. ब्रिटनचाही अनुभव हाच. एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, १९४८मध्ये सुरू झाली, आणि तीसेक वर्षांनी, १९८०च्या ब्लॅक अहवालात दिसलं की सगळ्यांचं आयुर्मान वाढलं तरी मजूर आणि साहेब यांच्या मृत्यूदरांतली दरी काही बुजली नव्हती.

योजनेने आरोग्य बिघडतं असंही कधी कधी होतं, ते टाळून पुढे जाणं बरं नाही. आरएसबीवायच्या काळात छत्तीसगड आणि बिहारमध्ये गरज नसताना बायकांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं २०१२च्या सुमारास उघडकीला आली. शस्त्रक्रियेमागे पैसे मिळतात, तपासून घरी पाठवलं तर मिळत नाहीत, मग दुसरं काय होणार? अशा गैरवापराला आळा म्हणून महाराष्ट्राच्या योजनेत काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांपुरत्या राखून ठेवल्या होत्या. सरकारी योजना म्हणजे खासगी रुग्णालयाच्या बिलाचा सरकारी धनादेश, एवढाच अर्थ उरला तर हे पुन्हा होणार.

रुग्णालयांवरच्या सक्तीबद्दल थोडक्यात. धर्मादाय रुग्णालयांची २०० कोटींची उलाढाल असो वा दोन कोटींची, एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची, ही २००६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना. कागदावर उत्तम. पण दारावर आलेल्या नातेवाइकाला हा हक्क माहीत असावा लागतो, उत्पन्नाचा दाखला खिशात असावा लागतो, आणि समाजसेवा विभागातल्या माणसाने 'खाट शिल्लक नाही' म्हटल्यावर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला फोन लावण्याची हिंमत असावी लागते. हे तिन्ही ज्याच्याजवळ असतं तो बहुधा निर्धन नसतो.

'मग बाजारावरच सोडून द्या' हा निष्कर्ष यातून काढणाऱ्यांसाठी एकच आठवण. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला हावड्यात सापडला. जिथे रोग नेमका माहीत होता, उपाय हाताशी होता आणि तो प्रत्येक दारात नेला गेला, तिथे सरकारने तो संपवला. कुठल्याही विमा कंपनीने नाही.

तेव्हा मूळ प्रश्नातल्या पैशाबद्दल: फुले योजनेतून पैसे काढून घ्या असं मी कोणालाही सुचवणार नाही. वाढीव रुपया मात्र उपकेंद्रात जावा, गोळ्यांच्या साठ्यात आणि न आलेल्या रुग्णाच्या घरी जाणाऱ्या आशाताईंच्या मानधनात. आणि योजनेच्या संगणकात एक जास्तीचा रकाना हवा. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा डायलिसिससाठी दाखल होणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं: रक्तदाब किंवा साखर आहे हे आधी माहीत होतं का, गोळी चालू होती का, आणि नसेल तर कुठे अडलं? उत्तरं तालुक्यानुसार दर महिन्याला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर गेली पाहिजेत. आरोग्यमित्र तसाही दहा कागद मागतोच, हा एक प्रश्न त्यात सहज बसेल.